दोन निळी जिरेनियम आणि अमळनेरचा मे महिना

पत्र: नमस्कार दादा. माझी लेक मनालीला असते, जावयांची नोकरी तिकडची. यंदा आखाजीला माहेरी आली ती निळ्या फुलांच्या दोन झाडांची मुळं ओल्या गोणपाटात बांधूनच. घरमालकिणीच्या बागेतली आहेत. नावं चिठ्ठ्यांवर लिहून दिली होती, पण रेल्वेत चिठ्ठ्या भिजल्या आणि अक्षरं गेली. लेकीला एवढंच आठवतं की एक मनालीच्या देवदारांखालचं आणि दुसरं घरमालकिणीच्या माहेरचं, लाहौलमधलं. दोन्हींना ती जिरेनियमच म्हणते. दोन्ही कुंड्यांत लावून ओट्यावर ठेवलीत. रोज दुपारी पानं मान टाकतात, मी परत पाणी घालते. कोणतं कोणतं हे फुलं येण्याआधी ओळखता येईल का? दोन्हींपैकी अमळनेरला कोणतं जगेल? भाचा तोरणमाळला शिक्षक आहे, त्याच्याकडे पाठवू का? आमचे हे म्हणतात, याच जातीतलं 'रोझॅन' नावाचं झाड जगात गाजलंय, त्याचं बी ऑनलाइन मिळतं, तेच मागवू. शेजारचे अप्पा म्हणतात, हे तेलाचं जिरेनियम, शेतात लावा. कोणाचं ऐकू? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर:

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी त्या दोन्ही कुंड्या ओट्यावरून उचलून घरात न्या. घरात सगळ्यात गार जागा कोणती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बहुतेक घरांत ती माठाच्या घडवंचीजवळ असते. तिथे ऊन येण्याआधीचा सकाळचा किंवा उत्तरेच्या खिडकीचा उजेड येत असेल तर उत्तमच. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि ती विटांवर किंवा ओल्या वाळूच्या परातीत ठेवा. कुंडी पाण्यात बुडता कामा नये.

दुपारी पानं मान टाकतात म्हणून दुसऱ्यांदा पाणी घालता, ते आजपासून बंद. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. आत ओल असूनही पानं पडलेली असतील तर तो तहानेचा प्रकार नाही. उन्हाने पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना वर चढवता येत नाही, इतकंच ते असतं. शिवाय ही मुळं नुकतीच तुटलेली, प्रवास केलेली आहेत. संध्याकाळी पानं आपोआप सावरतात. अशा वेळी ओल्या मातीत आणखी पाणी ओतलं की मुळांना हवा मिळत नाही आणि गरम, ओल्या मातीत झाडाचा गड्डा सडतो. पाणी एकदाच, पहाटे. खत काहीही नको, शेणखतसुद्धा नको. पानं फार असतील तर मोठी अर्धी कापून टाका, म्हणजे मुळांवरचा भार हलका होईल.

आता ओळख. फुलांची वाट बघायची गरज नाही. ही दोन झाडं फुलांत जितकी सारखी वाटतात तितकीच मुळांत वेगळी आहेत, आणि कोणतं कुठे जगेल हेही मुळांवरूनच कळतं. लेकीने सांगितलेल्या दोन जागा ऐकून माझ्या डोळ्यांपुढे दोन नावं आली: जिरेनियम वॉलिचियानम आणि जिरेनियम हिमालयेन्स. मनाली आणि लाहौलकडे या गटातली आणखीही झाडं उगवतात, त्यामुळे खात्री तुम्हालाच हाताने करून घ्यायची आहे. झाड उपटू नका. कुंडीच्या कडेकडची माती बोटाने हलकेच बाजूला करा आणि गड्ड्याकडे बघा.

एका कुंडीत तुम्हाला जाड, लाकडासारखं, खाली जाणारं एकच मूळ दिसेल आणि त्याच्या डोक्यावरून सगळ्या काड्या फुटलेल्या असतील. हे वॉलिचियानम. ते आपली जागा सोडत नाही. त्याच्या काड्या उन्हाळ्यात तीन-तीन फूट लांब पसरतात, शेजारच्या झुडपात घुसतात, दगडावरून खाली लोंबतात, पण जमिनीला टेकल्या तरी त्यांना मुळं फुटत नाहीत. थंडी आली की तो सगळा पसारा सुकून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच एका डोक्यातून फुटतो.

दुसऱ्या कुंडीत मातीच्या वरच्या थरात आडवी पसरलेली, गाठी-गाठीची कंदमुळं दिसतील, हळदीच्या कंदाहून खूप बारीक. ठिकठिकाणी कोंब आणि तंतूसारखी मुळं. हे हिमालयेन्स. ते जमिनीखालून चालत जातं आणि तीन-चार वर्षांत फूट-दीड फूट उंचीची दाट चटई तयार करतं. म्हणूनच घरमालकिणीला त्याचा तुकडा सहज काढून देता आला असणार. वॉलिचियानमचा असा तुकडा निघत नाही. मूळ फोडलं तर दोन्ही भाग रुसतात. त्याचं बहुधा बियातून उगवलेलं लहान रोप तुमच्याकडे आलं असावं.

मुळांना हात लावायला धीर होत नसेल तर पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तो सांधा बघा. तिथे दोन बाजूंना छोटी पानासारखी अंगं असतात, त्यांना उपपर्णं म्हणतात. वॉलिचियानममध्ये ती चांगली रुंद असतात आणि जोडी-जोडीने एकमेकांना चिकटून सांध्याभोवती कॉलरसारखी उभी राहतात. हिमालयेन्समध्ये ती अरुंद, टोकदार आणि सुटी असतात. माझ्या मते ही सगळ्यात भरवशाची खूण आहे, कारण मातीच्या कमी-जास्तपणाने पान लहान-मोठं होतं, फुलाचा रंगही उन्हा-थंडीने बदलतो, पण ही कॉलर बदलत नाही.

पानंही सांगतात. हिमालयेन्सची मोठी पानं गड्ड्यातूनच लांब देठावर येतात, गोलसर घेराची, खोलवर सात भागांत फाटलेली, भाग रुंद आणि टोकाला बोथट. वॉलिचियानमला गड्ड्याची पानं थोडीच, बहुतेक पानं काडीवर समोरासमोर येतात. त्यांचे तीन किंवा पाच भाग असतात आणि फाटे जिथे मिळतात तिथे फिकट हिरवे ठिपके असतात, संगमरवरावर असावेत तसे.

फुलांचंही सांगून ठेवतो, म्हणजे लेकीला फोनवर पडताळून घेता येईल. हिमालयेन्सचं फूल मोठं, चांगलं वाढलं तर पाच-सहा सेंटिमीटर. रानटी जिरेनियममध्ये एवढं मोठं फूल फार थोड्यांना येतं. बशीसारखं उघडं, गडद निळं-जांभळं, पाकळ्यांवर लालसर जांभळ्या शिरा, पाकळीची कड गोल. वॉलिचियानमचं फूल त्याहून लहान, मध्ये स्वच्छ पांढरा डोळा, त्यात काळपट पुंकेसर, आणि पाकळीच्या टोकाला बदामासारखी खाच. रानात याचा रंग गुलाबी-जांभळ्यापासून निळ्यापर्यंत कसाही सापडतो. आज बागांत जे निळं वॉलिचियानम दिसतं त्यातलं बरंचसं वेल्समध्ये बेट्स-इ-कोइड इथे बक्स्टन नावाच्या एका बागप्रेमीने निवडून जपलेल्या वाणाचं आहे. तो 'बक्स्टन्स व्हरायटी' म्हणून ओळखला जातो. मूळ जातीला नाव मिळालं ते नॅथॅनिएल वॉलिच यांच्यावरून. हे डॅनिश वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षं कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते.

फुलण्याची वेळही निराळी. थंड प्रदेशातल्या बागेत हिमालयेन्स जूनच्या सुमाराला एकदम भरघोस फुलतं आणि नंतर तुरळक. वॉलिचियानम उशिरा सुरू होतं, जुलैपासून, पण मग थंडी पडेपर्यंत थांबत नाही.

आता या सवयी आल्या कुठून, ते बघा. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटरवर आहे, डोंगराच्या ज्या अंगाला पावसाळी ढग येऊन आदळतात त्या अंगाला. देवदारांच्या कडेला, झुडपांच्या आडोशाला, पालापाचोळ्याच्या ओलाव्यात वॉलिचियानम वाढतं. पाऊस हा त्याचा वाढीचा हंगाम, म्हणून फुलणंही पावसाबरोबर आणि पावसानंतर. झुडपांतून उजेडाकडे जायचं तर लांब काड्या हव्यातच. रोहतांग खिंड 3,978 मीटरवर. ती ओलांडली, किंवा 2020 साली सुरू झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडे निघालं, की लाहौल. तिथे पावसाचे ढग फारसे पोचत नाहीत. पाणी मिळतं ते वितळणाऱ्या बर्फाचं. तिथलं मुख्य गाव केलाँग तर 3,000 मीटरच्याही वर आहे. हिवाळाभर बर्फाखाली झोपायचं, बर्फ वितळलं की घाईने उठायचं, ओल आहे तोवर फुलून घ्यायचं, आणि जीव आडव्या कंदात साठवून ठेवायचा, हे हिमालयेन्सचं वर्ष. हिमालयेन्स फक्त लाहौलमध्येच असतं असं नाही, अफगाणिस्तानपासून नेपाळपर्यंतच्या उंच डोंगरांत ते आहे. पण तुमच्याकडचं तिथून आलेलं आहे.

तर अमळनेर. ताई, स्पष्ट सांगतो: दोन्हींपैकी एकही इथे टिकणार नाही.

दुपारच्या 44 अंशांपेक्षा मला आपल्या मे महिन्याच्या रात्रींची जास्त भीती वाटते. दिवसा सावली करता येते, हिरवी जाळी लावता येते, गोणपाट भिजवता येतं. पण रात्री बारा वाजता हवा 28 अंशांवर अडून बसते, तिला काय करणार? झाड दिवसा उन्हात साखर करतं आणि रात्री श्वासोच्छ्वासात त्यातली थोडी खर्च करतं. रात्र गार असली की खर्च कमी. हिमालयातल्या झाडाचा सगळा हिशेब गार रात्रींवर बसलेला असतो. आपल्याकडे दिवसा उन्हाच्या तडाख्याने त्याची पानं रंध्रं, म्हणजे हवा आत घेणारी बारीक छिद्रं, मिटून घेतात म्हणून कमाई घटते, आणि रात्रीच्या उकाड्याने खर्च वाढतो. मग साठवण संपत जाते. झाड एका दिवसात मरत नाही. पानं लहान येऊ लागतात, देठ लांबट होतात, आणि एखाद्या सकाळी गड्डा मऊ लागतो. पाणी कमी पडलं, काळजी कमी पडली असं तेव्हा वाटत राहतं, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतोय.

त्यातून यदाकदाचित कुंडी जूनपर्यंत तगली, तर पुढे आपली काळी माती. कुंडीत बाहेरची माती घातली असेलच. ती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. सुकली की भेगाळते आणि हिमालयेन्सची बारीक आडवी कंदमुळं त्या भेगांत तुटतात. कापसाला ती माती सोन्यासारखी, कारण कपाशीचं सोटमूळ खोल उतरतं. वरच्या चार बोटांत राहणाऱ्या कंदाला ती मानवत नाही. आणि हिवाळा? खान्देशात थंडी पडते, कडाक्याचीही पडते, पण ती थोड्या आठवड्यांची आणि दुपारी पुन्हा ऊन तापवणारी. हिमालयेन्सला लागणारी लांब, सलग झोप त्यात होत नाही.

मग काय करायचं? लेक अजून माहेरी असेल तर तिच्याबरोबर दोन्ही परत पाठवा. मला हाच सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. नारळाच्या भुशात मुळं गुंडाळा, भुसा पिळून घट्ट केलेला, ठिबकणारा नको. पिशवीला भोकं पाडा आणि ती रेल्वेत खिडकीच्या उन्हात ठेवू नका. या वेळी नाव कागदावर नको. आईस्क्रीमच्या लाकडी काडीवर पेन्सिलने लिहा आणि ती मुळांशीच बांधा. पेन्सिलची अक्षरं पाण्याने जात नाहीत.

तिथे कुठे लावायचं हेही तिला सांगा, कारण दोन्ही एकाच वाफ्यात लावली तर दोन वर्षांनी गुंता होईल. हिमालयेन्स सफरचंदाच्या झाडाखाली किंवा गुलाबांच्या पायाशी, दोन रोपांत दीड-दोन फूट सोडून. ते जागा भरून काढतं आणि तणाला डोकं वर काढू देत नाही. जूनचा बहर ओसरला की सगळी पानं-देठ जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापून टाकायची. पंधरा दिवसांत ताजा पाला येतो आणि कधीकधी थोडी फुलंही. हे कापायला लोकांचा हात धजत नाही, पण न कापलेली जुनी पानं ऑगस्टपर्यंत पिवळी, डागाळलेली होतात आणि वाफा उदास दिसतो. वॉलिचियानमला मात्र मधे कात्री लावायची नाही. ते लावायचं दगडी बांधाच्या माथ्यावर, काड्यांना खाली लोंबायला जागा मिळेल असं, मुळं सावलीत आणि ओलीत. बांधावरून ऑक्टोबरपर्यंत निळी फुलं उतरत राहतात. मनालीसारख्या ठिकाणी या दोघांपैकी एकच निवडायचं म्हटलं तर मी वॉलिचियानम निवडेन. हिमालयेन्सचं फूल भव्य आहे खरं, पण चार महिने फुलणाऱ्या झाडाची सोबत वेगळी.

पुढच्या खेपेला लेकीने रोप आणण्याऐवजी बी गोळा करावं, तेही वॉलिचियानमचं. फूल गळल्यावर त्या जागी चोचीसारखी लांब शेंग उभी राहते. ती वाळली की पाच पट्ट्या तळापासून सुटून वर वळतात आणि बिया गोफणीसारख्या दूर भिरकावतात. तपकिरी होण्याची वाट बघत बसलं तर दुसऱ्या दिवशी नुसती चोच उरते. चोच हिरवटपणा सोडू लागली की तिच्यावर मलमलीची छोटी पोटली बांधायची. बियांचं कवच कठीण असतं, पाणी आत शिरत नाही. पेरण्याआधी काचकागदावर हलकेच घासलं की उगवण चांगली होते. आणि एक विनंती: बागेतून आणलंत ते ठीक, रानातून मुळं खणून आणू नका. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तर तो कायद्याने गुन्हाच आहे. बाहेरही, वॉलिचियानमचं ते एकच मूळ उपटलं की त्या जागचं झाड कायमचं जातं.

तोरणमाळ. भाचा तिथे आहे हे वाचून मला बरं वाटलं, कारण खान्देशात हा प्रयत्न निदान करून बघावा अशी जागा सातपुड्यातच आहे. तोरणमाळ सुमारे 1,150 मीटर उंचीवर. पावसाळ्यात धुकं, गार वारा, ढगांत बुडालेले दिवस. त्याच डोंगररांगेत डाबकडे थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि स्ट्रॉबेरीही तिकडे होते. तरीही मनालीच्या निम्मीच उंची आहे आणि मार्च ते मे हा तिथेही उन्हाळाच. हिमालयेन्सला तिथे पाठवू नका. त्याला बर्फाखालची झोप हवी आणि पावसाळ्यात पाय कोरडे हवेत, तोरणमाळ दोन्ही देत नाही. वॉलिचियानमला मात्र ढगाळ पावसाळा ओळखीचा आहे. म्हणून पाठवायचंच तर ते एक, आणि पावसाच्या सुरुवातीला. आत्ता मेमध्ये नाही. उतारावर, उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडी बांधाशी, मुरूम आणि पानमाती निम्मी-निम्मी घालून, पाणी वाहून जाईल असं लावायला सांगा. पहिला पावसाळा ते काढेल असं मला वाटतं. खरी परीक्षा पुढच्या एप्रिलची. त्या दोन-तीन महिन्यांत वर पालापाचोळ्याचा जाड थर आणि आंब्या-फणसाची दाट सावली लागेल. जगलं तर मला जरूर कळवा, मला खरंच ऐकायला आवडेल. पण तुमच्याकडचं एकुलतं एक रोप यासाठी पणाला लावू नका. आधी लेकीकडून बी मागवा आणि भाच्याला बियांची रोपं करू द्या.

आता साहेबांचा रोझॅन. त्यांनी निवडलेलं झाड उत्तम आहे, पण ते बी मागवू नका. रोझॅन हे याच दोन झाडांचं लेकरू: हिमालयेन्स आणि वॉलिचियानमचा बक्स्टन वाण यांचा संकर. तो कोणी ठरवून केला नाही. इंग्लंडमध्ये सॉमरसेटला डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या दांपत्याच्या बागेत 1989 साली तो आपोआप उगवलेला सापडला. 2000 साली बाजारात आला, 2008 मध्ये अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने त्याला वर्षाचं झाड ठरवलं आणि 2013 मध्ये लंडनच्या चेल्सी फुलप्रदर्शनाच्या शंभरीत त्याला शतकातलं झाड म्हणून मान मिळाला. एकाकडून मोठं फूल, दुसऱ्याकडून पांढरा डोळा, लोळणाऱ्या काड्या आणि न संपणारा बहर, असा दोघांतला चांगला भाग त्याला मिळाला. पण ते वांझ आहे. त्याला बी धरतच नाही, आणि इतके महिने फुलत राहण्याचं एक कारण तेच: बी पोसण्यात त्याची ताकद जात नाही. त्याची रोपं गड्डा फोडून, कोंबाच्या काडीपासून किंवा प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने होतात. तेव्हा 'रोझॅनचं बी' म्हणून विकलं जाणारं पाकीट रोझॅनचं असूच शकत नाही, मग त्यावर छापलेलं फूल कितीही निळं असो. आणि खरं रोप मिळालं तरी आई-बाप दोन्ही हिमालयातले. अमळनेरला त्याचंही तेच होईल. पैसे वाचवा.

अप्पांचं म्हणणं अगदी निराधार नाही, गल्लत नावाची आहे. तेलाचं जिरेनियम आणि नर्सरीत लाल-गुलाबी झुबक्यांचं कुंडीतलं जिरेनियम, ही दोन्ही पेलार्गोनियम, दक्षिण आफ्रिकेकडची. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये सगळ्यांना जिरेनियम या एकाच नावाखाली ठेवलं होतं, 1789 मध्ये पेलार्गोनियम वेगळं काढलं गेलं, पण बाजाराने जुनं नाव सोडलं नाही. फूल हातात घेतलं की फरक दिसतो. तुमच्या झाडाच्या पाचही पाकळ्या सारख्या. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन वेगळ्या, खालच्या तीन वेगळ्या. आणि पान चुरगळलं तर तेलाच्या जिरेनियमला गुलाबासारखा दाट वास येतो. तुमच्या दोन्ही झाडांत ऊर्ध्वपातन करून काढण्याजोगं तेल नाही. महाराष्ट्रात काही शेतकरी तेलाचं जिरेनियम घेतात. ते काडीपासून लावतात, तीन-चार महिन्यांनी पाला कापतात आणि वाफेवर तेल काढतात. एक टन ओल्या पाल्याला साधारण किलो-दीड किलो तेल मिळतं. अप्पांना त्यात खरंच रस असेल तर रोपं विकणाऱ्याशी बोलण्याआधी तेल विकत घेणाऱ्याशी लेखी बोलावं, आणि साचून राहणाऱ्या काळ्या रानात ते लावू नये.

राहिला तुमचा ओटा. तुम्हाला तिथे निळी फुलं हवी होती, ही इच्छा मला पत्रभर जाणवली, आणि ती पुरी होण्यासारखी आहे. नर्सरीत विष्णुक्रांताची मोठ्या फुलांची, बागेतली जात मिळते, एव्हॉल्व्ह्युलस म्हणून मागा. काड्या कुंडीवरून लोळतात, फूल निळं आणि मधोमध पांढरा ठिपका. लांबून बघितलं तर वॉलिचियानमचीच आठवण येईल. फूल सकाळी उघडतं, दुपारनंतर मिटतं. तिला ऊन हवंच असतं. आपल्या मुरमाड माळावर पावसाळ्यात जी इवलीशी निळी विष्णुक्रांता उगवते, तिचीच ही नातलग. भिंतीला गोकर्ण चढवा, गडद निळी, एकेरी फुलांची. तिला तर आपली काळी मातीही चालते. आणि नावाने जिरेनियमच हवं असेल तर दसऱ्याच्या सुमारास कुंडीतलं पेलार्गोनियम आणा. दिवाळीपासून होळीपर्यंत ओट्यावर छान फुलेल. उन्हं चढली की त्याच्या चार-सहा काड्या कापून सावलीत वाळूत खोचून ठेवा, आणि पावसाळ्यात त्या वाळूवर पाणी पडू देऊ नका.

विष्णुक्रांता पहिला पाऊस झाल्यावरच आणा. आत्ता मेमध्ये नर्सरीतून घरी येताना ती दुचाकीवरच भाजून जाईल. तोवर घडवंचीजवळच्या त्या दोन कुंड्या सांभाळा आणि लेकीच्या परतीच्या गाडीची तारीख बघून आदल्या संध्याकाळी मुळं बांधायला घ्या, सकाळच्या घाईत नको.